सुतार बायका आणि त्यांची युनियन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बायका हातोडा घेऊन बांधकामाच्या साइटवर उतरल्या. त्याच वेळी त्यांनी एका जुन्या, पुरुषांनी भरलेल्या युनियनमध्येही पाऊल ठेवलं. साइटवर त्यांना काय सोसावं लागलं ते बऱ्याचदा सांगितलं जातं. युनियनच्या बैठकीत त्यांनी काय केलं, ठराव कसे मांडले, समित्या कशा उभ्या केल्या, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून इथे भर त्यावर आहे.

ही नेमकी कुठल्या युनियनची गोष्ट आहे?

युनायटेड ब्रदरहुड ऑफ कारपेंटर्स अँड जॉइनर्स ऑफ अमेरिका या युनियनची. ती १८८१ च्या ऑगस्टमध्ये शिकागोत स्थापन झाली. पीटर मॅग्वायर हा तिचा पहिला मोठा संघटक. आठ तासांच्या दिवसासाठी १८९० मध्ये अमेरिकन कामगार महासंघाने जी लढाई उभारली, तिच्या आघाडीला याच सुतारांना ठेवलं होतं. आज अमेरिका आणि कॅनडात मिळून तिचे लाखो सभासद आहेत. नाव सुतारांचं असलं तरी काँक्रीटसाठी सेंटरिंग करणारे, जिप्समच्या भिंती आणि छतं बसवणारे, फरशी-गालिचे घालणारे, पाण्यात खांब ठोकणारे, यंत्रं बसवणारे असे सगळेच तिच्यात येतात.

तिच्यात बायकांना मनाई होती का?

प्रवेश रोखायला लेखी मनाईची गरज पडत नव्हती. धंदा शिकायचा तर शिकाऊ उमेदवारी मिळायला हवी, आणि ती मिळायची ओळखीतून. बाप, काका, मेव्हणा सभासद असेल तर पोराचं नाव लागायचं. आपल्याकडे सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक. रंधा-पटाशी बापाकडून मुलाकडे गेली. तिथे जात नव्हती, पण वाट तशीच घरातून जात होती. काळ्या कामगारांनाही याच वाटेने दशकानुदशकं बाहेर ठेवलं गेलं. बायकांसाठी युनियनने जागा ठेवली होती ती सभासदांच्या पत्नींच्या सहायक मंडळाची.

दुसऱ्या महायुद्धात पश्चिम किनाऱ्यावरच्या जहाजबांधणीच्या गोद्यांत हजारो बायकांनी पुरुषांची म्हणून समजली जाणारी कामं केली. युद्ध संपलं आणि त्यांना घरी पाठवण्यात आलं. पुढची तीस वर्षं बांधकामावर बाई दिसणं दुर्मीळ होतं.

मग १९७८ मध्ये असं काय घडलं?

त्याची सुरुवात आधीची आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीत लिंगावरून भेदभाव बेकायदा ठरवला. १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ११२४६ क्रमांकाचा आदेश काढला: सरकारी कंत्राट घेणाऱ्याने वंशावरून भेदभाव करायचा नाही, उलट वगळलेल्यांना घेण्यासाठी प्रयत्न करायचे. त्यात स्त्रियांचा उल्लेख नव्हता. तो १९६७ मध्ये घातला गेला. तरीही बांधकामावर बायकांसाठी आकडा कुणी ठरवेना, म्हणून १९७६ मध्ये महिला संघटनांनी कामगार खात्यावरच खटला भरला.

त्याचं फळ १९७८ मध्ये मिळालं. सरकारी पैशाच्या बांधकामावर कामाच्या एकूण तासांपैकी बायकांचे तास पहिल्या वर्षी ३.१ टक्के, दुसऱ्या वर्षी ५ टक्के आणि तिसऱ्या वर्षी ६.९ टक्के असावेत असं उद्दिष्ट ठरलं. त्याच वर्षी शिकाऊ उमेदवारीच्या नियमांतही बायकांच्या भरतीची उद्दिष्टं आली. दरवाजा उघडला तो युनियनच्या आतून नव्हे, कोर्ट आणि कामगार खात्याच्या रेट्याने. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचा सगळा ताण त्यातूनच निघाला: आत आलेल्या बाईकडे ‘सरकारने लादलेली’ म्हणून पाहिलं जायचं.

पहिल्या बायका आल्या तरी कुठून?

सगळीकडून. कुणी कॉलेज सोडून आलेली, कुणी स्त्रीमुक्ती चळवळीतली, कुणी भत्त्यावर जगणारी एकटी आई, कुणी टायपिस्टच्या पगाराला विटलेली. टायपिस्ट किंवा वेट्रेसच्या दुप्पट-तिप्पट मजुरी युनियनच्या सुताराला मिळायची, आणि बहुतेकींनी हेच कारण सांगितलं आहे. दुसरं कारण काम स्वतः: संध्याकाळी मागे वळून पाहिलं की भिंत उभी असते.

त्यांना तयार करायला बाहेर संस्था निघाल्या. न्यूयॉर्कमध्ये १९७८ मध्ये नॉनट्रॅडिशनल एम्प्लॉयमेंट फॉर विमेन, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात १९७९ मध्ये ट्रेड्सविमेन, शिकागोत १९८१ मध्ये शिकागो विमेन इन ट्रेड्स. हत्यारं ओळखणं, अपूर्णांकांचं गणित, वजन उचलण्याचा सराव, मुलाखतीची तयारी, असं सगळं तिथे शिकवलं जाई.

साइटवर त्यांच्या वाट्याला काय आलं?

शिव्या, भिंतीवर नग्न चित्रं, लगट, अबोला. काहींच्या वाट्याला हत्यारांची चोरी आणि जीवावर बेतेल अशी खोडी. पण शिकाऊ उमेदवारासाठी यापेक्षाही टिकून राहणारं नुकसान होतं ते काम न शिकवण्याचं. उमेदवारी साधारण चार वर्षांची, आणि खरं शिक्षण अनुभवी कारागिराच्या शेजारी उभं राहूनच होतं. पोराला नकाशा वाचायला, आखणी करायला, जिना बसवायला दिलं जाई. पोरीला झाडू आणि फळ्या वाहणं. चार वर्षांनी दोघांकडे सारखंच प्रमाणपत्र, पण हातात सारखा धंदा नाही. मग फोरमनने म्हणायचं, ‘बघा, बायकांना जमत नाही.’

सरकारी उद्दिष्टाची पळवाटही लगेच सापडली. तपासणीच्या दिवसापुरती बाई कामावर घ्यायची, किंवा एकाच बाईला या साइटवरून त्या साइटवर फिरवत ठेवायचं. कागदावर आकडा पूर्ण होई. तिला मात्र कुठेच काम शिकण्याइतकं टिकता येत नसे.

एवढा जाच होता तर बायकांनी वेगळी युनियन का काढली नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि तो विचारण्याजोगाच आहे. उत्तर युनियनच्या कामकाजात आहे. अमेरिकेत बांधकामावरचं काम बऱ्याच ठिकाणी युनियनच्या हॉलमधून मिळतं. बेकार सभासद यादीत नाव लावतो, कंत्राटदार माणूस मागतो, हॉल पाठवतो. मजुरीचा दर, आरोग्य विमा, पेन्शन हे सगळं त्या युनियनने केलेल्या करारात. उमेदवारीच्या शाळा युनियन आणि कंत्राटदार मिळून चालवतात. वेगळी युनियन म्हणजे यातलं काहीच नाही. हातात झेंडा राहिला असता आणि काम गेलं असतं.

दुसरं असं की या बायका मनापासून युनियनवाल्या होत्या. त्यांच्यातल्या अनेकींच्या घरात युनियनची परंपरा होती. ठेकेदारासमोर एकट्या कामगाराची काय किंमत असते हे त्यांना माहीत होतं. युनियन वाईट आहे असं त्यांचं म्हणणं नव्हतं. युनियन आपलीही आहे, असं होतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा कणा हाच आहे: सभासदाचा हक्क त्यांनी अनुग्रह म्हणून मागितला नाही, वर्गणी भरणाऱ्याचा हक्क म्हणून बजावला.

समित्या कशा उभ्या राहिल्या?

आधी स्वयंपाकघरांत. एका शहरात सुतार बायका मोजक्या, प्रत्येक साइटवर एकच, त्यामुळे आपल्यासारखी दुसरी कोणी आहे हेच कळत नसे. बाहेरच्या संस्थांच्या वर्गांत, उमेदवारीच्या शाळेत गाठी पडल्या, फोन नंबर दिले-घेतले गेले. रात्री कुणाच्या तरी घरी जमून दिवसाचं सांगायचं. मग लक्षात येई की ‘मलाच जमत नाही’ असं प्रत्येकीला वाटत होतं, आणि प्रत्येकीला नेमकी तीच वागणूक मिळत होती.

त्यातून पुढची पायरी आली: शाखेच्या मासिक सभेला एकत्र जायचं. दोनशे पुरुषांत एकटी बाई उठली तर तिला हसून बसवता येतं. सहाजणी एका रांगेत बसल्या की सभापतीला नोंद घ्यावी लागते. न्यूयॉर्क, बॉस्टन, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को, सिॲटल या शहरांत १९८० च्या दशकात अशा गटांनी शाखेकडे किंवा युनियनच्या जिल्हा परिषदेकडे (म्हणजे अनेक शाखा जोडणाऱ्या मंडळाकडे) अधिकृत महिला समिती मागितली. अधिकृत असण्याचा अर्थ फार व्यावहारिक होता. युनियनचा हॉल वापरता येतो, सभेची सूचना युनियनच्या पत्रकात छापून येते, ठराव थेट पटलावर ठेवता येतो. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला देशभरच्या बांधकाम-कारागीर बायकांची परिषद भरली. सुतार, वायरमन, प्लंबर, लोखंडी सांगाडे उभारणाऱ्या पहिल्यांदाच एवढ्या संख्येने एकत्र आल्या.

समितीने नेमकं काय मागितलं?

ऐकायला किरकोळ वाटतील अशा गोष्टी. बेकारांच्या यादीतून क्रमाने काम द्या. छळाची तक्रार आली तर ती युनियनच्या कारभाऱ्याने दाबायची नाही. शिकाऊ मुलीला एकाच प्रकारच्या कामावर अडकवू नका. साइटवर दोन-दोन बायका एकत्र पाठवा. साइटवरच्या युनियन प्रतिनिधीच्या प्रशिक्षणात बायकांना घ्या. यातली यादीची मागणी सगळ्यात खोल जाणारी होती. यादी डावलून ओळखीने काम वाटणं हा फक्त बायकांवरचा अन्याय नव्हता. ज्याचा वशिला नाही अशा प्रत्येक पुरुषावरचाही होता. न्यूयॉर्कच्या सुतार परिषदेत तर गुन्हेगारी टोळ्यांचा शिरकाव झालेला. १९९० मध्ये केंद्र सरकारने तिच्यावर खटला भरला आणि १९९४ च्या तडजोडीच्या हुकुमानुसार ती न्यायालयाच्या देखरेखीखाली आली. काम वाटपाचे नियमही त्यात आले. अशा लढ्यांत महिला समित्यांतल्या बायका आणि युनियनमध्ये लोकशाही मागणारे पुरुष एका बाजूला उभे राहिले. बायकांचा प्रश्न आणि युनियन स्वच्छ असण्याचा प्रश्न तिथे एकच झाला होता.

‘सिस्टर्स इन द ब्रदरहुड’ म्हणजे काय?

युनियनने मध्यवर्ती पातळीवर स्वीकारलेली महिला संघटन-योजना. आज प्रादेशिक परिषदांमध्ये तिच्या समित्या आहेत. नव्या मुलींना जुन्या सुतारणीशी जोडून देणं, शाळांमध्ये जाऊन धंद्याची माहिती देणं, नेतृत्वाचं प्रशिक्षण, परिषदा, अशी तिची कामं. लास व्हेगासला युनियनचं मोठं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथेही महिलांसाठी कार्यक्रम होतात.

तिच्याबद्दल दोन मतं आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. १९९५ मध्ये अध्यक्ष झालेल्या डग्लस मॅकॅरन यांनी छोट्या शाखांचे अधिकार काढून मोठ्या प्रादेशिक परिषदांकडे दिले. परिषदेचा मुख्य कारभारी सभासदांनी थेट निवडायचा नाही, प्रतिनिधींनी निवडायचा. यामुळे वरून आलेला निर्णय खाली लवकर पोचतो, आणि महिला समित्या सगळीकडे पसरल्या त्यात याचा वाटा आहे. पण खालून उठलेल्या समितीला जो स्वतःचा आवाज होता, तो वरून मान्यता मिळालेल्या समितीला कितपत राहतो? कारभाऱ्याने नेमलेली समिती कारभाऱ्याविरुद्ध तक्रार कशी करणार? मला स्वतःला शाखेच्या सभेत रांग करून बसलेल्या त्या पहिल्या गटांची पद्धत जास्त भरवशाची वाटते. तरी एकट्या पडलेल्या मुलीला आज पहिल्याच आठवड्यात फोन करणारी एक ‘सिस्टर’ मिळते, हे छोटं काम नव्हे.

मजुरी बाई-पुरुषांना सारखी असते का?

ताशी दर सारखा. करारात दर कामाचा आणि दर्जाचा असतो, माणसाचा नसतो; शिकाऊ उमेदवार पूर्ण दराच्या साधारण निम्म्यापासून सुरू करतो आणि टप्प्याटप्प्याने वर जातो. फरक पडतो तो वर्षाच्या तासांत. मंदी आली की आधी कुणाला घरी बसवतात, नवी साइट सुरू झाली की आधी कुणाला बोलावतात, यावर वर्षाची कमाई ठरते. म्हणूनच समित्या दरापेक्षा यादीवर भांडल्या.

संडास हा खरंच एवढा मोठा प्रश्न होता?

हो. अमेरिकेच्या सुरक्षा नियमांनुसार बांधकामावर वीस किंवा त्याहून कमी कामगारांना एक संडास पुरेसा. तो बहुतेकदा कडी नसलेला, घाणेरडा, आत चित्रं रेखाटलेली. बायका दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत. त्यातून मूत्रमार्गाचे विकार आणि उन्हाचा त्रास. जून १९९९ मध्ये कामगार सुरक्षा खात्याच्या सल्लागार गटाने बांधकामावरील स्त्रियांच्या आरोग्यावर स्वतंत्र अहवाल दिला. त्यात संडास, हात धुण्याची सोय, मापाचे हातमोजे-बूट-सुरक्षापट्टे आणि छळ या सगळ्यांना सुरक्षिततेचा प्रश्न म्हणून धरलं. सैल हातमोजा करवतीत अडकतो, मोठा पट्टा पडताना माणसाला धरत नाही. बांधकामावरची सुरक्षा साधनं कामगाराच्या मापाचीच हवीत, असा स्पष्ट नियम मात्र जानेवारी २०२५ मध्ये लागू झाला. अहवाल ते नियम, पंचवीस वर्षं.

छळही सुरक्षिततेचाच प्रश्न आहे हे २०१७ मध्ये फार क्रूरपणे समोर आलं. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोमध्ये एका शिकाऊ सुतार महिलेला कामाच्या जागीच सहकाऱ्याने ठार मारलं. त्यानंतर बांधकामातल्या अनेक युनियननी पुरुष सभासदांना गप्प न बसण्याचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली किंवा असलेलं वाढवलं.

बाळंतपणाचं काय?

इथे युनियनची रचनाच आड येत होती. आरोग्य विमा केलेल्या तासांवर टिकतो. गरोदर बाई फळ्या वाहणं थांबवते, तास बुडतात, आणि विमा नेमका हवा तेव्हा जातो. १९७८ च्या कायद्याने गरोदरपणावरून भेदभाव बेकायदा ठरला, पण हलकं काम द्यायची ठोस सक्ती २०२३ मध्ये लागू झालेल्या कायद्याने आली. युनियनच्या पातळीवर पहिलं पाऊल लोखंडी सांगाडे उभारणाऱ्या कामगारांच्या युनियनने टाकलं. २०१७ मध्ये तिने भरपगारी बाळंतपणाची रजा सुरू केली. सुतारांच्या काही प्रादेशिक परिषदा त्यानंतर त्या वाटेने गेल्या.

एवढं होऊन सुतारांमध्ये बायका किती?

अमेरिकेत शंभरात सुमारे तीन. १९८१ पर्यंत गाठायचा ६.९ टक्क्यांचा आकडा देशभरात कधीच गाठला गेला नाही.

कारणं अनेक, पण एक मोठं आहे. उद्दिष्ट मोडणाऱ्या कंत्राटदाराला शिक्षा जवळजवळ कधीच झाली नाही. १९८१ नंतर रेगन सरकारने तपासणी ढिली केली, त्यातच मंदी आली आणि नुकत्याच आत आलेल्या बायका आधी बाहेर गेल्या. जिथे बाहेरून नजर राहिली तिथे चित्र बरं दिसतं. बॉस्टनमध्ये युनियन, कंत्राटदार, सरकारी अधिकारी आणि महिला कारागीर एका टेबलावर बसून प्रत्येक मोठ्या प्रकल्पावरचे बायकांचे तास तपासतात. आकडे सगळ्यांसमोर वाचले जातात. कंपनीच्या माणसाला तिथेच उत्तर द्यावं लागतं.

पहाटे सहा-सातला सुरू होणारं काम आणि आठला उघडणारं पाळणाघर, हे दुसरं कारण. त्यावर समित्यांना अजून मोठं यश आलेलं नाही.

२०२५ मध्ये काय बदललं?

२१ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी १९६५ चा तो ११२४६ क्रमांकाचा आदेश रद्द केला. ज्याच्या आधारावर बायकांची टक्केवारी ठरली होती तो पायाच गेला. १९६४ चा नागरी हक्क कायदा आहे, काही राज्यांची स्वतःची उद्दिष्टंही आहेत. पण केंद्राच्या पैशाच्या साइटवर ‘बायका किती?’ असं विचारणारा कुणी उरला नाही. आता युनियनच्या करारात आणि ठरावांत जे लिहिलेलं आहे तोच मुख्य आधार, त्यामुळे आतल्या समित्यांचं महत्त्व पूर्वीपेक्षा वाढलं आहे.

कॅनडातही हेच घडलं का?

बरंचसं. तिथलं एक नाव आवर्जून घ्यावं: केट ब्रेड. व्हँकुव्हरच्या सुतार शाखेत दाखल झालेली ही पहिली बाई. पंधरा वर्षं तिने सुतारकाम केलं, नंतर तंत्रसंस्थेत हा धंदा शिकवला, आणि त्या कामावर कविता लिहिल्या. सुतारकामाची भाषा बायकांच्या तोंडी कशी येते हे तिच्यामुळे कळतं.

आपल्याकडे अशी काही चळवळ झाली का?

आपलं चित्र जवळजवळ उलटं आहे. बांधकामावर बायका भरपूर, पण बिगारी म्हणून. घमेलं, वाळू, विटा, पाणी. गवंडी, सुतार, सेंटरिंगवाला हे पुरुष. अमेरिकेत लढा आत येण्याचा होता, आपल्याकडे आत असूनही कारागीर म्हणून मोजलं जाण्याचा आहे. १९७६ च्या समान वेतन कायद्याने सारख्या कामाला सारखी मजुरी ठरवली, पण बाईचं काम मुळात ‘हलकं’ ठरवलं की कायदा तिथेच अडतो.

संघटनेच्या बाजूने पाहायचं तर इला भट्ट यांनी १९७२ मध्ये अहमदाबादला उभी केलेली सेवा, स्वयंरोजगार करणाऱ्या बायकांची युनियन, हे मोठं उदाहरण. मालकच नाही तर युनियन कसली, म्हणून तिची नोंदणी सुरुवातीला अडवली गेली होती. पुढे सेवाने बांधकाम मजूर बायकांना गवंडीकाम, सुतारकामासारखी कौशल्यं शिकवण्यासाठी कर्मिका शाळा काढली. केरळात कोट्टायमजवळच्या अर्चना विमेन्स सेंटरने थ्रेसिअम्मा मॅथ्यू यांच्या पुढाकाराने बायकांना गवंडी आणि सुतार केलं. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात पन्नासहून अधिक बायका असलेल्या ठिकाणी पाळणाघराची तरतूद आली. मुंबई-पुण्याच्या साइटवर हे काम मोबाइल क्रेशेससारख्या संस्था त्याही आधीपासून करत होत्या.

महाराष्ट्रातल्या मुलीला हा धंदा शिकायचा असेल तर?

आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे आणि त्यात मुलींना प्रवेश आहे. प्रवेश घेण्याआधी कार्यशाळा बघून यावी, आधी तिथे मुली शिकून गेल्या आहेत का हे विचारावं, आणि जमलं तर मैत्रिणीला बरोबर घ्यावं; वर्गात दोघी असल्याचा फरक पडतो. पुढे साइटवर काम करताना बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवावं. वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस काम, अशी अट आहे. नोंदणी अर्जात कामाचा प्रकार लिहायचा असतो. सुतारकाम करत असाल तर तिथे ‘सुतार’च लिहा, ‘मजूर’ लिहू देऊ नका.